मलिक अंबरसाठी एक भिंत

१६१६च्या सुमारास अबुल हसन या मुघल दरबारच्या चित्रकाराने जहांगीर बादशहासाठी एक चित्र रंगवलं. आज ते आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशाच्या पाठीवर. वर आकाशातून पंख असलेली बाळं त्याला शस्त्रं पुरवताहेत. बादशहाने धनुष्य ताणलं आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्यासावळ्या माणसाचं मुंडकं खोचलेलं आहे. मुंडक्यावर घुबड बसलं आहे.

ते मुंडकं मलिक अंबरचं, निजामशाहीच्या हबशी वजीराचं. चित्र रंगलं तेव्हा अंबर जिवंत होता, घोड्यावर होता आणि मुघल फौजांची झोप उडवत होता. पुढेही तो कधी बादशहाच्या हाती लागला नाही. १६२६च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात पोचल्यावर, तो वयोमानाने गेला. रणात जे साधलं नाही ते जहांगीरने कागदावर करून घेतलं. या गोष्टीचा मला नगरकर म्हणून राग येतो. आमच्या मुलखाला पाव शतक सांभाळणाऱ्या माणसाचं जगभर सर्वांत गाजलेलं चित्र त्याच्या वैऱ्याने काढून घेतलेलं आहे, आणि त्यात त्याला धडही नाही.

आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा दख्खनशी संबंध अंबरच्या फार आधीचा. बहमनी काळापासून इथिओपियातली, म्हणजे हबसाणातली, मुलं तांबड्या समुद्राच्या बंदरांवर विकली जात आणि गलबतांतून चौल, दाभोळसारख्या कोकणच्या बंदरांत उतरत. त्यांना गुलाम म्हणून आणत, पण इथे त्यांच्या हाती नांगर किंवा ऊस तोडायचा कोयता येत नसे. त्यांना घोडा, तलवार आणि दरबारी रीत शिकवत. धनी मेला की पुष्कळदा ते मोकळे होत, स्वतःचं पथक उभारत आणि जहागिरी मिळवत. इराण-तुराणातून आलेल्या परदेशी उमरावांशी इथल्या दख्खनी सरदारांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर चाललं. त्या वैरात हबशी बहुतेक वेळा दख्खनींच्या बाजूने उभे राहिले. परत जायला त्यांना दुसरं घर उरलं नव्हतं. इथेच लग्नं, इथेच कबरी.

अंबरचा जन्म १५४८च्या आसपास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला आणि मोखा, बगदाद अशा बाजारांतून फिरला. मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. १५७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो नगरला पोचला तो चंगीझखानाकडे. हा चंगीझखान मुर्तजा निजामशहाचा पेशवा होता आणि स्वतःही कधीकाळी हबशी गुलाम म्हणूनच आलेला होता. त्याच्या पदरी हजाराच्या आसपास हबशी होते. पुढे आपलं काय होणार हे ठाऊक नसलेल्या अंबरने तेव्हाच डोळ्यांनी पाहिलं असेल की, बाजारात विकला गेलेला माणूस राज्याचा कारभार हाकू शकतो.

सोलापूर रस्त्यावरचा फराहबाग त्याच काळातला. त्याचं काम चंगीझखानाच्या वेळी सुरू झालं आणि बरीच उलथापालथ होऊन, सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३मध्ये पुरं झालं. अष्टकोनी दुमजली महाल आणि भोवती पाण्याचा विस्तीर्ण तलाव. भिंतींच्या गिलाव्यात कोरलेल्या कोनाड्यांच्या रांगा आजही मोजता येतात. केडगावकडून तिथे जायला फार वेळ लागत नाही. आत शिरल्यावर मान वर करून पाहिलं की गिलावा जिथे गळला आहे तिथे खालची वीट दिसते, आणि जिथे टिकला आहे तिथे चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याच्या थापीची वळणं दिसतात. पाहुण्याला नगर दाखवताना आपण किल्ला, फराहबाग आणि चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर दाखवतो. फराहबागेच्या मुळाशी एक आफ्रिकी माणूस होता, हे सांगायचं मात्र राहून जातं.

चंगीझखानाला दरबारी कारस्थानात विष देण्यात आलं. त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. पुढची वीसेक वर्षं अंबर गोवळकोंडा आणि विजापूर इथे चाकरी करत राहिला. मलिक हा किताब त्याला विजापुरात मिळाला. १५९५मध्ये मुघल फौजा नगरवर चालून आल्या तेव्हा तो मूठभर स्वार घेऊन परतला आणि अभंगखान हबशी या सरदाराला मिळाला. चांदबिबीने त्या वेढ्यात किल्ला राखला ती कथा घरोघरी माहीत आहे. १६००मध्ये तिचा खून झाला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. दिल्ली-आग्र्याच्या हिशेबात निजामशाही संपली.

अंबरच्या हिशेबात ती संपली नव्हती. त्याने निजामशाही घराण्यातला एक राजपुत्र शोधला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तजा निजामशहा दुसरा म्हणून तख्तावर बसवला आणि आपली मुलगी त्याला दिली. राजधानी परांड्याहून जुन्नरला, तिथून दौलताबादकडे सरकत गेली. आपलं शहर मुघलांच्या हाती आणि राज्य घोड्याच्या पाठीवर, अशी ती वर्षं. मुघलांचा तोफखाना, तंबू आणि बाजारबुणगे जिथे अडकून पडत, तिथे अंबरचे हलके स्वार रसद तोडत आणि रात्री छापा घालून डोंगरात दिसेनासे होत. ते स्वार बहुतेक मराठे होते. मालोजी भोसले, लखुजी जाधवराव, पुढे शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी ही सगळी मंडळी या फौजांतून वाढली. १६१०मध्ये अंबरने नगरचा किल्लाही परत घेतला.

त्याच सुमाराची एक गोष्ट पीटर व्हॅन डेन ब्रूके या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. तो १६१७मध्ये अंबरला त्याच्या छावणीत भेटला होता. उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा माणूस असं त्याचं वर्णन त्याने केलं. मुर्तजाची थोरली बेगम इराणी वंशाची, गोरी. तिने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि अंबरबद्दलही वाईटसाईट बोलली. मुलीने बापाला सांगितलं. थोड्याच दिवसांत निजामशहा आणि ती बेगम, दोघंही विषाने मेली. गोष्ट जशी सांगितली गेली तशी खरी असेल तर ती भयंकर आहे आणि अंबरच्या कथेतून ती वगळण्याचं कारण नाही. सत्तेच्या शिखरावर असलेल्या माणसालाही रंगावरून घरात टोमणा खावा लागत होता, हेही त्यातून कळतं. आणि स्वतः विकला गेलेल्या या माणसाने पुढे आपल्या संरक्षणासाठी हबशी गुलामच विकत घेतले, हेही लक्षात ठेवायला हवं.

मुघल राजदरबारच्या लिखाणात अंबरच्या नावाआधी नेहमी काळतोंड्या, दुर्दैवी अशी विशेषणं येतात. जहांगीरने स्वतःच्या आठवणींत त्याला साधं नाव क्वचितच दिलं. अबुल हसनचं चित्र त्याच रागातून आलं. पण त्याच्याच दरबारातल्या मुअतमदखानाने अंबरच्या मृत्यूनंतर लिहिताना कबूल केलं की युद्धात, हुकमतीत, समजुतीत आणि कारभारात त्याला तोड नव्हती, आणि गुलाम म्हणून आलेला माणूस इतक्या उंचीवर पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात सापडत नाही.

चित्रकार सगळेच त्याच्या विरुद्ध नव्हते. हाशिमने काढलेलं त्याचं एक व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बाजूने दिसणारा चेहरा, सावळी काळी कांती, भरदार देह, पांढरा जामा. चेहऱ्यावर वयाचा थकवा आहे आणि नजर समोर कुठेतरी दूर रोखलेली आहे. भाल्यावरचं मुंडकं आणि हा माणूस एकाच काळात, एकाच दरबारी परंपरेतल्या हातांनी रंगवला. कोणता चेहरा आपण उचलायचा, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

आता भातवडी. नगरपासून आग्नेयेला दहाएक मैलांवरचं हे गाव. १६२४च्या पावसाळ्याच्या शेवटी मुघल आणि विजापूरकर एकत्र होऊन अंबरवर चालून आले. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी, मुघलांकडून लष्करखान. अंबर त्यांना भातवडीच्या परिसरात खेचत आला. पाऊस लागलेलाच होता. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला आणि पाणी शत्रूच्या छावणीकडे सोडलं. तोफा चिखलात रुतल्या, जनावरांना चारा मिळेना, रसदीच्या वाटा तुटल्या, उपाशी शिपाई छावणी सोडून अंबरकडे येऊ लागले. त्यात रात्रीचे छापे. मग उघड्यावर हल्ला झाला. मुल्ला मुहम्मद ठार झाला, लष्करखान आणि इतर कित्येक सरदार कैद होऊन दौलताबादला गेले. शहाजीराजे या लढाईत आघाडीवर लढले आणि शरीफजी तिथेच पडले. परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचं वर्णन आहे आणि तिथे अंबरचं नाव आदराने येतं. मला वाटतं, आपल्या तालुक्यात घडलेली एवढी मोठी घटना दुसरी नाही. एका इथिओपियन सेनापतीच्या हाताखाली भोसले बंधू लढत होते, आणि त्या दोघा बंधूंची नावं नगरच्या शाहशरीफ पिराच्या नावावरून ठेवलेली होती, असं परंपरा सांगते.

लढाया सोडल्या तरी अंबरचं उरलेलं काम काही कमी नाही. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली. तीच पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. तिथला भडकल दरवाजा १६१२चा, मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारलेला. तिथली नहर-ए-अंबरी डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालून शहरात आणत असे आणि ती शतकानुशतकं चालली. नगरच्या निजामशाही खापरी नळांची, कापूरवाडी आणि शहापूरच्या पाण्याची, हिकमत पाहिलेल्याच माणसाला असं काम सुचावं. मलिकंबरी धारा तर आपल्या खेड्यांपर्यंत पोचला. महसुलाचा इजारा देण्याची पद्धत त्याने मोडली, जमिनीची प्रत पाहून, पाहणी करून, गावनिहाय आकार ठरवला आणि पाटील-कुलकर्ण्यांची वतनं पक्की केली. मराठी मुलखातल्या जमाबंदीत त्याचं नाव पुढे दोनशे वर्षं घेतलं जात होतं.

त्याची कबर खुलताबादला आहे, दगडी घुमटाची. जवळच त्याची बायको बीबी करीमाची. दोन्ही साध्या, पण रेखीव. त्याच्यानंतर दहा वर्षांत, १६३६मध्ये, निजामशाही बुडाली.

मग त्याचा चेहरा कुठे गेला? तो फार लांब गेला. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १३५व्या रस्त्यावर शॉम्बर्ग सेंटर नावाचं वाचनालय आहे, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास जपणारं. १९३४मध्ये अमेरिकेतल्या मंदीच्या काळात, सरकारी मदतीने, ॲरन डग्लस या कृष्णवर्णीय चित्रकाराने त्या वाचनालयासाठी चार मोठी भित्तिचित्रं रंगवली. पहिल्या चित्रात आफ्रिकेतलं नाचणं-ढोल, पुढे गुलामगिरी, मुक्ती, दक्षिणेतली शेतं आणि शेवटी शहर. माणसं सगळी सावलीसारखी सपाट रंगाची, चेहरे बाजूने दिसणारे, डोळ्यांच्या जागी एक बारीक तिरकी चीर. ती चीर त्याने आफ्रिकेतल्या मुखवट्यांवरून घेतली. चित्रावर एकातून एक निघणारी वर्तुळं पसरलेली आहेत, पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशी. तिथल्या माणसांना आपला इतिहास शाळेच्या पुस्तकात मिळत नव्हता. तो त्यांनी वाचनालयाच्या भिंतीवर पाहिला.

२०१३मध्ये त्याच शॉम्बर्ग सेंटरने भारतातल्या आफ्रिकी माणसांवर प्रदर्शन भरवलं. गुलाम म्हणून आलेले सेनापती आणि राज्यकर्ते कसे झाले, हा त्याचा विषय. जंजिऱ्याचे सिद्दी त्यात होते, अहमदाबादच्या सिदी सय्यदच्या मशिदीची १५७३च्या सुमाराची दगडी जाळी होती, आणि अर्थातच मलिक अंबर होता. पुढच्या वर्षी ते दिल्लीतही आलं. डग्लसच्या भित्तिचित्रांच्या छपराखाली नगरचा वजीर जाऊन पोचला.

भित्तिचित्र ही वस्तीची गोष्ट कशी होते, याचा सर्वांत ठळक नमुना शिकागोचा. १९६७च्या उन्हाळ्यात तिथल्या दक्षिण भागात, ४३वा रस्ता आणि लँग्ली यांच्या कोपऱ्यावर, एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर कृष्णवर्णीय चित्रकारांच्या गटाने आपल्या माणसांचे चेहरे रंगवले. विल्यम वॉकर त्यांतला एक मुख्य. मुहम्मद अली, माल्कम एक्स, गायिका नीना सिमोन, विचारवंत ड्यू बोइस असे कितीतरी. मालकाची परवानगी वगैरे फार पाहिली गेली नाही, पण शेजाऱ्यांशी बोलणं झालं, वस्तीने रंगाऱ्यांची राखण केली, भिंतीपुढे कविता वाचल्या गेल्या आणि गाणी झाली. पुढे चेहरे कोणाचे ठेवायचे आणि कोणाचे बदलायचे यावरून भांडणंही झाली. १९७१मध्ये इमारतीला आग लागली आणि ती पाडावी लागली. पण तोवर अमेरिकेतल्या दुसऱ्या कित्येक शहरांनी तोच कित्ता गिरवला होता.

लोकवर्गणीतून कला उभी करण्याची आठवण आपल्या नगरलाही आहे. किल्ल्याजवळची दमडी मशीद १५६७ची. किल्ला बांधणाऱ्या कामगारांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढून ती बांधली असं सांगतात. आकाराने लहान, पण तिच्या दर्शनी भागावरचं कोरीव काम पाहताना दगड कोरला आहे की लाकूड, असा प्रश्न पडतो. पैसा राजाचा नव्हता, म्हणून काम हलकं झालं नाही.

म्हणून मी केडगावसाठी बोलतो. देवीचं गाव, पुणे रस्त्यावरचं, आता महापालिकेत आलेलं. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला रांगा लागतात. पुण्याहून नगरला येणारा प्रत्येकजण आमच्या वेशीवरून जातो. अंबरच्या भित्तिचित्रासाठी एक लांब भिंत इथे मिळायला हवी. तिच्यावर काय असावं, हे गावाने बसून ठरवावं, पण माझ्या मनातली रांग अशी आहे. सुरुवातीला मोखाचं बंदर आणि गलबतातली मुलं, रडवेली नाहीत, पण घाबरलेली, कारण मुलं घाबरतातच. मग फराहबागेचं बांधकाम. मग परांडा, मग घाटात उतरणारे मराठे स्वार. मध्यावर भातवडी, सगळ्यांत मोठी, चिखल, फुटलेला बांध आणि घोड्यावरून कोसळलेले शरीफजी. त्यापुढे मोजणीची दोरी धरलेला कुणबी, पाटील आणि वहीत लिहिणारा कुलकर्णी. मग खडकीची नहर, पाणी भरणाऱ्या बायका, बीबी करीमा. आणि शेवटी अंबर, हाशिमच्या चित्रातला, बाजूने दिसणारा, पुरुषभर उंच आणि पांढऱ्या जाम्यातला. भाला आणि घुबड या भिंतीवर नको.

कडेची नक्षी मात्र मला उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांकडून हवी आहे. तिथल्या जंगलातल्या गावांत राहणाऱ्या सिद्द्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज गोव्यातल्या गुलामगिरीतून पळून गेलेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून कौंदी शिवतात, आपली गोधडीच म्हणा. पण त्यांची पद्धत वेगळी. काठापासून सुरुवात करून, एक तुकडा दुसऱ्यावर दुमडत, गोल गोल फिरत मध्याकडे येतात. धावदोऱ्याचे टाके सगळ्या तुकड्यांना बांधून ठेवतात. शेवटी चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, आणि फुलं नसतील तर ती कौंदी त्यांच्या दृष्टीने पुरी होत नाही. त्यांच्यापैकी दोघीतिघींना केडगावात बोलवावं, आमच्याकडच्या गोधड्या शिवणाऱ्या बायांशेजारी बसवावं आणि त्यांनी एकत्र बसून काढलेले नमुने रंगाऱ्यांच्या हाती द्यावेत.

रंगवण्याआधी गावातल्या मुलांना भातवडीला न्यावं, मग खुलताबादला. भिंतीला आधी चांगला चुन्याचा गिलावा हवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पोपडे निघतील. चित्राखाली नावं मराठीत असावीत, मोठ्या अक्षरांत, एस.टी.च्या खिडकीतून वाचता येतील एवढ्या. चापू हे नावही त्यात हवं, सगळ्यांत आधी.